अस्वलाचे नाना

ज्या गावात आपण जन्मात पाऊल टाकलेलं नाही, त्या गावाचा कारभार उद्या हातात दिला तर न अडखळता चालवून दाखवेल असा माणूस माझ्या माहितीत एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. गाव अमेरिकेतलं, ऑरेगन नावाच्या राज्यातलं, आपल्या म्हसळ्याहून काही फार मोठं नसावं. मामू राहतात शारजात, रोल्लाला, एका चष्मेवाल्याच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत. पण तुम्ही त्यांना विचारा, त्या गावातल्या शाळेच्या स्टेडियमला गेटं किती आणि कुठल्या गेटापाशी गाडी लावली की परतताना अडकायला होतं. ते सांगतील. तिथले दंतवैद्य नेहमी पश्चिमेच्या गेटानं येतात, शाळेच्या बँडमध्ये सगळ्यात मोठा भोंगा वाजवणारी मुलगी लायब्ररीतल्या बाईंची धाकटी आहे, आणि स्कोअरबोर्डाखाली पिझ्झावाल्यानं जी जाहिरात लावली आहे तिचा लाल रंग दोनच उन्हाळ्यांत उडाला, कारण प्रायमर मारला नव्हता, हेही सांगतील. आणि ज्या शारजात त्यांनी चाळीस वर्षं काढली तिथलं म्युझियम कुठं आहे असं विचारलंत, तर म्हणतील, टॅक्सीवाल्याला विचार.

मामू मूळचे श्रीवर्धनकडचे. ऐन पंचविशीत वेल्डर म्हणून इकडे आले आणि आता औद्योगिक क्षेत्रातल्या एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात फोरमन आहेत. निवृत्तीचं वय कधीच उलटून गेलंय, पण मालक त्यांना सोडत नाही. कारखान्यात शाळांच्या मैदानांसाठी लोखंडी स्टँड बनतात, म्हणजे प्रेक्षकांना बसायची ती पायऱ्यापायऱ्यांची बाकं. या कामानं त्यांना एक सवय लागली आहे. ते कुठेही बसण्याआधी खाली वाकून बघतात. हॉटेलात बघतात, दवाखान्यात बघतात, लग्नाच्या हॉलमध्ये सोनेरी कव्हर घातलेली खुर्ची उलटी करून बघतात. झोयाच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या, शाळेत स्पोर्ट्‌स डेला आम्ही त्यांना हौसेनं नेलं, तर पाच मिनिटांत गायब. शोधता शोधता मी स्टँडच्या मागे गेलो, तर एक सिक्युरिटीवाला मामूंच्या पायाला धरून त्यांना खालून बाहेर ओढत होता. गुडघ्यांना गंज, टोपीवर कोळिष्टकं. कपडे झटकून त्यांनी समोर आलेल्या प्रिन्सिपल बाईंना शांतपणे सांगितलं की वेल्डिंग मजबूत आहे, पण रंग घाईत मारलाय. या गडबडीत झोयाची शंभर मीटरची शर्यत संपून गेली. ती अजून मला ऐकवते, "पापा, यू मिस्ड माय रेस फॉर अ बोल्ट." मामूंना मात्र ती काही बोलत नाही. त्यांच्या घावण्यांवर तिचा जीव आहे.

आखातात आलेला माणूस दिर्हमचा भाव ऐकला की लगेच मोठ्यानं त्याचे रुपये करतो. मामू पैशाचं असलं काही करत नाहीत. ते वेळेचं करतात. दुपारी तीन वाजता त्यांना फोन केलात तर म्हणणार, "बोल इक्बाल, तीन वाजले, म्हणजे तिकडे पहाटेचे चार, नाझनीन झोपलेली." नाझनीन ही त्यांची एकुलती एक मुलगी. लग्न करून नवऱ्याबरोबर अमेरिकेला गेली त्याला अठरा वर्षं झाली. तिकडे नोव्हेंबरात घड्याळं एक तास मागे घेतात हे पहिल्या वर्षी कळलं तेव्हा मामू फार बिथरले होते. सरकारच घड्याळाला हात लावतं म्हटल्यावर माणसानं भरवसा ठेवायचा कशावर, असं ते आठवडाभर कारखान्यात सगळ्यांना विचारत होते. मग लक्षात आलं की घड्याळ मागे गेल्यावर दोन्ही गावांत बरोबर बारा तासांचा फरक पडतो. म्हणजे शारजात सात वाजले की तिकडेही सातच, फक्त संध्याकाळचे. तेव्हापासून थंडी सुरू झाली की मामूंची तब्येत सुधारते. मनगट पुढे करून म्हणतात, बघ, चार महिने मी आणि नाझनीन एकाच घड्याळात आहोत.

मामूंचा आठवड्याचा खरा दिवस म्हणजे शनिवारची सकाळ. तिकडे शुक्रवारी संध्याकाळी शाळेची फुटबॉलची मॅच असते आणि शाळा ती इंटरनेटवर दाखवते. मामू फजरची नमाज पढून, घावणे करून, टीव्हीला मोबाईल जोडून तयार बसतात. आम्ही दुबईतून, अल मनखूलहून निघतो. त्या वेळी रस्ता मोकळा असतो, झोया मागच्या सीटवर अर्धवट झोपेत असते आणि रुबीना, माझी बायको, दर शनिवारी म्हणते की पुढच्या शनिवारी आपण यायचं नाही. मॅचमध्ये आम्हाला कुणालाच काही कळत नसे. तो फुटबॉल आपला नव्हे. त्यात पाय फारसा लागतच नाही. हेल्मेट घातलेली धिप्पाड मुलं चार पावलं पळतात, एकमेकांच्या अंगावर पडतात, शिट्टी होते, मग सगळे गोल उभे राहून कुजबुजतात. मी एकदा म्हणालो की हे आमच्या ऑफिससारखं आहे, काम कमी आणि मीटिंगा जास्त. मामूंना ते आवडलं नाही. त्यांनी टीव्ही थांबवून ताटलीत घावणे मांडून मला समजावलं की चार वेळा संधी मिळते, त्यात दहा यार्ड पुढे जायचं, नाही गेलं तर खलास, बॉल दुसऱ्याला. तेव्हापासून ते सगळंच यार्डात मोजतात. मशीद खोलीपासून दोनशे यार्ड, कॅफेटेरिया तीस.

पण मामू पाहायचे ते वेगळंच. मॅच निम्मी झाली की बँड मैदानात उतरतो, सबंध गाव थर्मासातून काहीतरी गरम पीत बसलेलं असतं, न्हावी, पोस्टमन, चर्चचे पाद्री, आज्या, तान्ही मुलं. हरले तरी कुणी उठत नाही. मामू म्हणतात, हा आपला उरूसच आहे, फक्त यांचा दर जुम्म्याला भरतो. आणि या उरुसात मध्यरेषेजवळ एक अस्वल नाचत असतं. शाळेच्या टीमचं नाव अस्वलं, म्हणून तपकिरी केसांचा भलामोठा पोशाख घालून एक मुलगा अस्वल होतो, कोलांट्या मारतो, लहान मुलांशी हात मिळवतो, टीम पुढे गेली की जमिनीवर लोळतो. तो मुलगा म्हणजे आयान, नाझनीनचा मुलगा, मामूंचा नातू. दहावीला गेल्यावर त्यानं टीममध्ये जायचा प्रयत्न केला, अंगानं किरकोळ म्हणून घेतलं नाही, तर अस्वल झाला. दुसऱ्या कुणा आजोबांनी ही गोष्ट चार लोकांत जरा सांभाळून सांगितली असती. मामूंनी रोल्लाभर सांगितली. चष्मेवाल्याला, न्हाव्याला, जुम्म्याच्या नमाजानंतर इमामसाहेबांनासुद्धा. "आमचा नातू तिकडे अस्वल आहे," म्हणून. इमामसाहेबांनी क्षणभर विचार करून, अल्ला त्याला बरकत देवो, एवढंच म्हटलं.

अडचण अशी होती की कॅमेरा बॉलमागे जायचा आणि अस्वल कडेला राहायचं. दोन-अडीच तासांच्या मॅचमध्ये ते मिळून मिनिटभर दिसे, तेही पाठमोरं. मामू टीव्हीला डोळे लावून कोपऱ्यांकडेच बघत. दिसलं की ओरडत, आणि आम्ही मान वळवेपर्यंत गेलेलं असे. शेवटी त्यांनी झोयाला शाळेला ईमेल लिहायला बसवलं. ते मराठीत सांगत होते, ती इंग्रजीत टाईप करत होती. पहिलंच वाक्य तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं, "डिअर सर, आय ॲम द ग्रँडफादर ऑफ द बेअर." रुबीनानं सुचवलं की निदान आयानचं नाव घाला. मामू म्हणाले, नाव कशाला, गावात अस्वल एकच आहे. पत्रात विनंती होती की कॅमेरा अधूनमधून अस्वलाकडेही न्यावा, आणि शेवटी एक तक्रार होती की कॅमेरा धरणाऱ्याचा हात फार थरथरतो, त्यांनी तब्येत दाखवावी.

या पत्राला उत्तर येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तीन दिवसांत आलं. लिहिणारे त्या शाळेतले निवृत्त मास्तर होते, मुलांना लोखंडकाम शिकवायचे, आता हौसेनं कॅमेरा सांभाळतात. त्यांनी लिहिलं होतं की अस्वलाच्या आजोबांची विनंती मान्य आहे. पुढच्या शनिवारी मॅच सुरू होण्याआधी कॅमेरा सरळ अस्वलावर गेला आणि मिनिटभर तिथंच राहिला. अस्वलानं दोन्ही पंजे वर केले, मग कपाळाला पंजा लावून वाकून सलाम केला. आपला, कोकणी सलाम. मामूंनी टीव्हीसमोर उभं राहून सलाम घेतला. त्यानंतर प्रत्येक मॅचची सुरुवात अशीच होऊ लागली. मास्तर आणि मामू यांची पत्रापत्री सुरू झाली. झोया मध्ये बसून भाषांतर करी. ती म्हणायची, "दे आर टेक्स्टिंग अबाउट वेल्डिंग रॉड्स, पापा, लाइक टू टीनेजर्स."

एव्हाना कुणीही विचारेल की एवढं आहे तर हा माणूस जाऊन का येत नाही. मामू दोनदा व्हिसा मागायला गेले होते. पहिल्यांदा खिडकीतल्या बाईंनी विचारलं, कशासाठी जाताय, तर त्यांनी पिशवीतून अस्वलाचा फोटो काढून काचेला लावला. दुसऱ्यांदा आम्ही पढवून पाठवलं, की विचारतील तेवढंच बोला. खिडकीतल्या बाईंनी विचारलं की त्या गावी कुणाला ओळखता. मामूंनी दंतवैद्यापासून सुरुवात केली. गेटं, पार्किंग, बँड, लायब्ररीतल्या बाई, सगळं सांगितलं. जन्मात देशाबाहेर शारजाशिवाय न गेलेला म्हातारा इतकं सांगतोय म्हटल्यावर समोरच्याला काय वाटलं असेल ते असो, व्हिसा दोन्ही वेळा नाकारला गेला. मी त्या बाईंनाही दोष देत नाही. मामू बाहेर आले, मला म्हणाले, यल्ला, चल, जेवू या. पुन्हा व्हिसाचं नाव काढलं नाही आणि आम्हालाही काढू दिलं नाही.

मागच्या वर्षी ऑक्टोबरात एक गोष्ट घडली. मामूंनी मास्तरांना पुन्हा हाताच्या थरथरीबद्दल लिहिलं, आता मित्र म्हणून. मास्तरांचं उत्तर आलं की कॅमेरा माझ्या हातात नसतोच, तो तिवईवर असतो, आणि तिवई स्टँडच्या सगळ्यात वरच्या पायरीवर घट्ट बसवलेली असते. मग मामूंनी मागच्या चार मॅचेस पुन्हा लावून पाहिल्या. या वेळी अस्वल नाही, बॉल नाही, फक्त चित्र कधी हलतं ते. मी तिथं होतो. चित्र वरखाली हलत नव्हतं, आडवं हलत होतं. आणि लोक टाळ्या वाजवायला उभे राहिले की हलत होतं, तेही चित्राच्या तळाशी दिसणारी डावीकडची डोकी वर आली की जास्त. मामूंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "इक्बाल, हात नाही हलत. स्टँड हलतोय."

त्या दुपारी त्यांनी पाठकोऱ्या कागदावर स्टँडचं चित्र काढलं. खांब, पायऱ्या, आणि मागच्या बाजूला खांबांना एकमेकांशी जखडणारे तिरपे टेके. डावीकडच्या दुसऱ्या टेक्याला गोल केला. झोयानं फोटो काढून पाठवला, आणि मामूंनी सांगितलं तसं खाली लिहिलं, की या टेक्याचे बोल्ट बघा, मुलांना त्या बाजूला बसू देऊ नका. मग त्यांची तीन दिवस जी अवस्था होती ती मी विसरणार नाही. नाझनीन नेहमी डावीकडेच बसायची, बँडच्या जवळ म्हणून. मामूंनी तिला फोन करून सांगितलं तेव्हा ती म्हणे हसली, अब्बा तुम्ही टीव्हीवरून कसं सांगता म्हणून. ते चिडले नाहीत. फक्त परत परत एकच म्हणत राहिले, तू उजवीकडे बस.

चौथ्या दिवशी मास्तरांचं पत्र आलं. ते स्वतः टॉर्च घेऊन स्टँडखाली शिरले होते. त्या टेक्याचे दोन बोल्ट गळून पडले होते आणि तिसरा हातानं फिरत होता. शाळेनं अख्खा स्टँड उघडून नीट करून घेतला, तोवर एक मॅच दुसऱ्या गावी नेली. मामूंनी पत्र तीनदा वाचून घेतलं. मग म्हणाले, अल्हमदुलिल्ला, आणि घावण्याचं पीठ कालवायला उठले, संध्याकाळ असताना.

स्टँड नीट झाल्यावरच्या पहिल्या शनिवारी मॅच सुरू होण्याआधी लाऊडस्पीकरवरून कुणीतरी बोलू लागलं. झोया ऐकता ऐकता ताठ बसली आणि भराभर सांगू लागली. ते म्हणत होते की आज आपण सगळे या स्टँडवर सुखरूप बसलो आहोत ते इथून जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या एका गृहस्थांमुळे, ते आपल्या अस्वलाचे आजोबा आहेत, आणि ते आत्ता आपल्याला बघत आहेत. मग मामूंचं नाव घेतलं. इतकं मोडून घेतलं की आम्हालाही क्षणभर ओळखू आलं नाही. कॅमेरा मैदानावरून खाली वळला, पहिल्यांदाच आम्हाला आमच्या बाजूचा अख्खा स्टँड दिसला. सगळा गाव उभा होता आणि हात हलवत होता. दंतवैद्य, लायब्ररीतल्या बाई, आज्या, पोरं. आणि अस्वल पायऱ्या चढून वर येत होतं. त्यानं डोकं काढलं. आतून घामानं भिजलेला, केस विस्कटलेला सोळा वर्षांचा पोरगा निघाला आणि कॅमेऱ्याला तोंड लावून म्हणाला, "नाना, कॅन यू सी मी?"

मामू म्हणाले, "दिसतोस रे." इतक्या हळू की खोलीतल्या आम्हालाच ऐकू आलं.

मी समजत होतो गोष्ट इथे संपली. तसं झालं नाही. दोन दिवसांनी नाझनीनचा फोन रुबीनाला आला. त्या लहानपणी एकत्र वाढलेल्या, एकमेकींना काहीही सांगतात. रुबीनानं मला नंतर सांगितलं ते असं. नाझनीन खूप वेळ अब्बांचं कौतुक करत होती आणि मग अचानक रडू लागली. म्हणाली, त्यांनी बारा हजार किलोमीटरवरून एक बोल्ट पाहिला, आणि माझी एक मॅच त्यांनी पाहिली नाही. नाझनीन शाळेत असताना खो-खो खेळायची. तालुक्याला तिच्यासारखी चपळ मुलगी नव्हती, शेवटची दोन वर्षं कॅप्टन होती. रुबीना तिच्याच संघात होती, तिला सगळं आठवत होतं. मामूंना दोन वर्षांतून एकदा रजा मिळे आणि ती ते मुद्दाम मे महिन्यात घेत, मुलीला सुट्टी असते, तिच्याबरोबर राहता येईल म्हणून. त्यामुळे शाळा उघडी असलेली त्यांनी कधी पाहिलीच नाही. स्पर्धा व्हायच्या डिसेंबरात. मामी मॅचला जायच्या आणि पत्रात लिहायच्या, नाझनीन जिंकली. मामूही पत्रात लिहायचे, शाबास. मामी आता नाहीत. बाकी त्या सगळ्याचं काय राहिलं, तर तेवढे दोन शब्द. नाझनीन म्हणाली, मी त्यांच्यावर रागावलेली नाही, मला फक्त आयानचा हेवा वाटला, आईला मुलाचा हेवा वाटावा का. हे मामूंना सांगायचं नाही असं तिनं वचन घेतलं. आम्ही सांगितलं नाही.

डिसेंबरच्या सुट्टीत नाझनीन आणि आयान दहा दिवसांसाठी आले. मामूंनी त्यांना दाखवायच्या जागांची यादी केली होती. त्यात उंच इमारत नव्हती, मॉल नव्हता. पहिल्याच नंबरावर शारजातल्या एका शाळेचं मैदान होतं, जिथं त्यांच्या कारखान्याचा नवा स्टँड नुकताच उभा राहिला होता. सुट्टीमुळे शाळा बंद होती, मामूंची पाच माणसं शेवटची रंगरंगोटी करत होती, आणि फोरमनचे पाहुणे म्हणून वॉचमननं आम्हाला आत सोडलं. मामू आयानला घेऊन स्टँडच्या खाली शिरले. अर्ध्या तासानं दोघे सारखेच धुळीनं माखून बाहेर आले. मग ते नाझनीनला विचारू लागले की तिकडचा स्टँड आता कसा आहे, कुठे बसतेस, मागे टेकायला आहे का, थंडी लागते का.

नाझनीन मैदानाकडे बघत होती. ती म्हणाली, "अब्बा, तुम्ही वर जाऊन बसा."

"कुठे?"

"कुठेही. मधोमध."

ते चढून गेले आणि पाचशे माणसांच्या त्या रिकाम्या स्टँडवर मधोमध बसले. खाली वाकून न बघता बसले, हे माझ्या लक्षात आलं. नाझनीननं बूट काढले, ओढणी कमरेला आवळून बांधली आणि रुबीनाकडे पाहिलं. रुबीनानंही बूट काढले. रंगवाल्यांपैकी दोघांनी दोन उरलेले पाईप मातीत ठोकून दिले, ते खांब. खो-खो म्हटल्यावर त्या पाचांना काही समजावून सांगावं लागलं नाही. कुणी केरळचा, कुणी बिहारचा, एक मुलतानचा, पण सगळे शाळेत हे खेळलेले. बाजींच्या, म्हणजे थोरल्या बहिणीसारख्या बाईंच्या, मागे धावणं मात्र त्यांना बरं वाटेना, म्हणून ठरलं की त्यांनी नुसतं ओळीत उकिडवं बसायचं, एकाचं तोंड इकडे, दुसऱ्याचं तिकडे, आणि त्यांच्या मधून धावायचं आम्ही. रंगानं बरबटलेले कपडे घातलेली ती पाच माणसं इतक्या गंभीरपणे बसली की जणू तालुक्याची फायनलच होती. आयानला नियम झोयानं इंग्रजीत समजावले. तो म्हणाला, फुटबॉलपेक्षा अवघड आहे.

नाझनीन एक्केचाळीस वर्षांची आहे, गुडघा दुखतो, सकाळी गोळी घेते. आयान आणि झोया आळीपाळीनं तिच्यामागे सुटले आणि पहिली दोन मिनिटं त्यांना ती सापडलीच नाही. समोरून येतेय असं वाटावं आणि ती दोन माणसांच्या मधून पलीकडे गेलेली असावी. माझी पाळी आली तेव्हा तिनं मला अशी हुलकावणी दिली की मी त्या मुलतानवाल्याच्या अंगावर जाऊन पडलो. रुबीना ओरडत होती, खांब धर, खांब धर, तिच्या आवाजात पंचवीस वर्षांपूर्वीची मुलगी होती. शेवटी आयाननं सूर मारून आईचा पाय धरला आणि दोघं मातीत बसून हसत सुटली. त्या पाच जणांनी उठून टाळ्या वाजवल्या.

मी वर पाहिलं. टीव्हीवर अस्वलाचा पंजा दिसला तरी आरडाओरडा करणारा माणूस गुडघ्यांवर हात ठेवून, पाय जुळवून, परीक्षेला बसल्यासारखा बसला होता. बाकीचे पाणी प्यायला गेले तरी ते उतरले नाहीत. मी त्यांना आणायला वर गेलो, तर मला बघून ते लगेच पुढच्या पायरीचा नट चाचपू लागले. म्हणाले, हा जरा ढिला वाटतो. मी हात लावून पाहिलं. नट घट्ट होता. मी म्हणालो, हो, जरा ढिला आहे. मग आम्ही दोघं खाली आलो. नाझनीननं त्यांच्या टोपीवरची धूळ झटकली.

दहा दिवस कसे गेले कळलं नाही. दोघांना एअरपोर्टवर सोडून मी मामूंना रोल्लाला पोचवायला निघालो. दुपारची वेळ, गाड्या अंगाला अंग लावून उभ्या. मामू वेळेचं काही बोलले नाहीत, विमान कुठे पोचलं असेल तेही नाही. बऱ्याच वेळानं म्हणाले, "हुलकावणी छान देते."

मी म्हणालो, हो ना.

"पण दरवेळी डावीकडेच देते. समोरच्यानं दोनदा बघितलं की त्याला कळतं. म्हणून सापडली." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तेव्हा कुणी सांगायला पाहिजे होतं."

मी म्हणालो, मामू, आता सांगा की. उद्या पोचली की फोन करा आणि सांगा, तिला फार आवडेल.

पुढची गाडी हलली, मी थोडं पुढे घेतलं आणि पुन्हा थांबलो. मामूंनी मांडीवरचे हात उचलले, अंग किंचित उजवीकडे झुकवलं, सीटबेल्टनं अडवलं तसे सरळ बसले.

"फोनवर नाही सांगता येत ते," ते म्हणाले. "मैदानात उभं राहून दाखवावं लागतं."